दोन पांढऱ्या चादरी पुरुषांच्या, बायकांचे काय?

हजच्या मोसमात मुंबईहून थेट जेद्दाला जाणाऱ्या विमानाच्या रांगेत पुरुष यात्रेकरू लांबूनच ओळखू येतात. कमरेला एक न शिवलेली पांढरी चादर, खांद्यावर दुसरी, डोके उघडे, पायांत साधी चप्पल. त्यांच्या शेजारची बाई मात्र सलवार-कमीझ, अबाया किंवा नेहमीचा बुरखा अशा घरच्याच कपड्यांत असते. बघणाऱ्याला वाटते, एहराम फक्त पुरुषांनीच बांधला आहे.

तसे नसते. एहराम ही एक अवस्था आहे. हजची किंवा उमऱ्याची, म्हणजे छोट्या यात्रेची, नियत केली, म्हणजे मनाशी संकल्प केला आणि ‘लब्बैक’ने सुरू होणारी तल्बिया म्हटली, की ती अवस्था सुरू होते. पुरुषाला त्या अवस्थेत शिवलेले कपडे चालत नाहीत, म्हणून त्याला चादरी लागतात. बाईला शिवलेले कपडे चालतात, मोजे चालतात, बंद बूट चालतात, डोके तर झाकायचेच असते. म्हणून तिच्यासाठी वेगळा गणवेश ठरलेला नाही. कपडे सैल हवेत, अंगाचा आकार किंवा कातडी दिसेल इतके तंग वा झिरझिरीत नकोत, आणि चेहरा व तळहात सोडून अंग झाकलेले हवे. साडी नेसणाऱ्या बाईला पोट, पाठ आणि केस झाकण्याची वेगळी तजवीज करावी लागते. त्यापेक्षा त्या दिवसांपुरते सलवार-कमीझ आणि वर लांब मकना (डोके आणि छाती झाकणारे कापड) हे सोयीचे पडते.

रंगाचेही बंधन नाही. काळा अबाया ही अरबी रीत आहे, हजचा नियम नव्हे. इंडोनेशिया-मलेशियाच्या बायका पांढऱ्या कपड्यांत दिसतात, नायजेरियाच्या बायका मोठ्या फुलांच्या भडक कापडात. 2024च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला होता आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. तेव्हा बाजारात चकाकणारा काळा नायलॉनी अबाया कितीही देखणा वाटला तरी फिकट रंगाचे सुती कापडच घ्यावे. दोन-तीन जोड पुरतात. पुरुषांना एहरामात छत्रीची मनाई नाही, पण टोपी-रुमाल नाही. बायकांच्या डोक्यावर कापड असते, तेवढा त्यांना आडोसा जास्त. शिया परंपरेत पुरुषांनी एहरामात दिवसाच्या प्रवासात डोक्यावर छप्परही घ्यायचे नसते, म्हणून त्यांच्या काही बस उघड्या टपाच्या असतात. बायकांना तिथेही सूट आहे.

आता एका गैरसमजाविषयी, कारण तो आपल्याकडे फार पसरलेला आहे. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या दुकानांत बायकांसाठी डोक्याला घट्ट बसणारे पांढरे कापड मिळते, आणि त्यालाच ‘बायकांचा एहराम’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्याचा खरा उपयोग एवढाच की केस सरकून बाहेर येत नाहीत आणि ओढताना तुटत नाहीत. पण नाव एहराम पडल्यामुळे ‘हे काढले तर एहराम सुटेल’ अशी भीती बसते. मग वजू, म्हणजे नमाजआधीचे हात-तोंड-पाय धुणे, करताना बाई त्या कापडावरूनच ओला हात फिरवते. ते चालत नाही. मसह, म्हणजे ओला हात फिरवणे, केसांवरच व्हायला हवा, नाहीतर वजू अपुरी आणि पुढची नमाजही. कापड काढावे, वजू करावी, परत बांधावे. ते मळले तर बदलावे. कपडे बदलल्याने एहराम सुटत नाही.

बायकांवर जे खरे बंधन आहे ते चेहऱ्याचे आहे, आणि ते अनेकांच्या अपेक्षेच्या उलट दिशेने जाते. एहरामात बाईने चेहऱ्याला बांधलेला नकाब घालायचा नाही. हदीसमध्ये नकाब आणि हातमोजे या दोन्हींची नावे घेऊन मनाई आलेली आहे. हातमोज्यांबाबत हनफी पंथाचा फिकह (धर्मनियमांचे शास्त्र) थोडा सैल आहे, तरी न घालणेच बरे मानतो. जी बाई एरवी कायम नकाबमध्ये वावरते तिला हे अवघड जाते. त्यावरचा उपाय पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या एका कथनातून घेतात: वाटेवर स्वार जवळून जाऊ लागले की त्या आणि सोबतच्या बायका डोक्यावरची चादर चेहऱ्यापुढे ओढून घेत आणि ते पुढे गेले की परत वर करत. आजची सोय म्हणजे पुढे कडक झाप असलेली टोपी, तिच्यावरून सोडलेला पातळ पडदा. कापड चेहऱ्याला टेकत नाही आणि आडोसाही राहतो. वाऱ्याने क्षणभर टेकले म्हणून घाबरून जाऊ नये. गर्दीत त्या पडद्यातून पायरी दिसत नसेल तर मात्र तो वर करावा. पडून हाड मोडण्यात काही पुण्य नाही.

बाकीची बंधने स्त्री-पुरुषांना सारखीच. अत्तर नाही, केस किंवा नखे कापणे नाही, पती-पत्नीचा संबंध नाही, निकाह नाही, शिकार नाही. बायकांच्या बाबतीत अत्तराची मनाई लपून येते: सुगंधी साबण, वासाचे ओले टिश्यू, केसांचे तेल, क्रीम. सामान बांधताना बिनवासाचा साबण वेगळा ठेवावा. दागिने चालतात, पण काबाभोवतीच्या तवाफच्या गर्दीत बांगड्या आणि लोंबणारी कर्णफुले त्रासच देतात. नियम मोडला तर प्रमाणानुसार सदका (दान) किंवा ‘दम’, म्हणजे बकऱ्याची कुर्बानी द्यावी लागते.

एहराम कुठे बांधायचा यालाही हद्दी ठरलेल्या आहेत. त्यांना मीकात म्हणतात आणि त्या पाच आहेत. आपल्याकडून जाणारे विमान जेद्दाला उतरण्यापूर्वीच मीकातवरून जाते, म्हणून कपडे घरीच घालायचे आणि नियत विमानात त्याआधी करायची. जे आधी मदिनेला जातात ते मक्केला निघताना झुल-हुलैफा इथे, ज्याला आज अबयार अली म्हणतात, एहराम बांधतात. नुसत्या मदिनेला जायला एहराम लागत नाही.

इथेच तो प्रश्न उभा राहतो जो बायका पुस्तकात शोधतात आणि कोणाला विचारत नाहीत: पाळी आली तर?

एहरामसाठी पाळीची अडचण नाही. इ.स. 632मध्ये पैगंबर मुहम्मद अखेरच्या हजला निघाले तेव्हा झुल-हुलैफालाच अस्मा बिन्ते उमैस बाळंत झाल्या. आता मी काय करू, असा निरोप त्यांनी पाठवला. उत्तर आले: आंघोळ कर, कापड बांध आणि एहराम बांध. बाळंतिणीला जे लागू ते पाळीच्या बाईलाही. ‘मी नापाक आहे’ म्हणून नियत न करता मीकात ओलांडणे ही नेहमी होणारी चूक आहे. मग परत मीकातवर जाऊन एहराम बांधून यावे लागते, नाहीतर दम पडतो.

त्याच प्रवासात मक्का जवळ आल्यावर सरिफ या ठिकाणी हजरत आयेशांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या. त्यांना सांगण्यात आले की हाजी जे जे करतो ते सारे कर, फक्त शुद्ध होईपर्यंत काबागृहाचा तवाफ करू नकोस. बायकांच्या हजचे बहुतेक वेळापत्रक आजही या एका उत्तरावर चालते. हजच्या पाच दिवसांतला मोठा भाग मशिदीत नसतोच. मिनाचे तंबू, अरफातचे मैदान, मुझदलिफाची रात्र, जमरातच्या खांबांना मारायचे खडे हे सगळे पाळीच्या बाईला करता येते. नमाज नाही, पण दुआ, जिक्र, तल्बिया आहे. थांबतो तो फक्त तवाफ. सफा-मरवा टेकड्यांमधल्या सईला, म्हणजे फेऱ्यांना, शुद्धतेची अट नाही, मात्र सई तवाफनंतरच करायची असल्याने तवाफ अडला की तीही अडते. तवाफ झाल्यावर पाळी सुरू झाली तर सई पुरी करून घेता येते.

हज उरकल्यावर आयेशांना वेगळा उमरा करायचा होता. त्यांचे भाऊ अब्दुर्रहमान त्यांना हद्दीबाहेर तनईमला घेऊन गेले आणि तिथून त्यांनी एहराम बांधला. आज तिथे मस्जिद-ए-आयेशा आहे, आणि मक्केत मुक्कामाला असलेले लाखो लोक, पुरुषसुद्धा, दुसऱ्या उमऱ्यासाठी तिथूनच एहराम बांधून येतात.

आता विधींकडे. तवाफ म्हणजे काबाभोवती सात फेऱ्या. पुरुष उजवा खांदा उघडा टाकतात आणि पहिल्या तीन फेऱ्या जोमाने चालतात. बायकांना दोन्ही नाही, त्यांनी आपल्या चालीने चालावे. तल्बियाही पुरुष मोठ्याने म्हणतात, बाईने स्वतःला ऐकू येईल इतपत. तवाफ स्त्री-पुरुष एकत्रच करतात. उमय्या खलिफांच्या काळात इब्न हिशाम नावाच्या सुभेदाराने बायकांना पुरुषांसोबत तवाफ करायला बंदी घातली, तेव्हा अता या मक्केच्या विद्वानाने विचारले होते की पैगंबरांच्या पत्नींनी पुरुषांसोबत तवाफ केला, मग तू कशी मनाई करतोस? आयेशा मात्र गर्दीपासून कड राखून चालत. हजरे-अस्वद या काबाच्या काळ्या दगडाचे चुंबन घेण्यासाठी रेटारेटी करू नये; लांबून हात उंचावून इशारा केला तरी पुरते. चालवत नसेल तर व्हीलचेअरला हरकत नाही. पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा आजारी होत्या, त्यांनी लोकांच्या मागून जनावरावर बसून तवाफ केला होता.

सईमध्ये एक गंमत आहे. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत बीबी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या, त्याची ही आठवण. आज हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष धावतात आणि बायका चालतात. धावली होती ती बाई, आणि धावण्याचा विधी वाट्याला आला पुरुषांच्या! फिकहचे कारण पडद्याचे आहे. सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या आसपास चाल होते, तेव्हा निघण्याआधी महिनाभर घरी चालण्याचा सराव केलेला बरा.

मुझदलिफाची रात्र उघड्यावर काढून पहाटेनंतर मिनाला परतायचे असते. पैगंबरांच्या पत्नी सौदा बिन्ते झमआ अंगाने भारी होत्या, गर्दीत चालणे त्यांना जमत नसे. त्यांनी गर्दीच्या आधी रात्रीच निघण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. आपणही मागितली असती तर बरे झाले असते, असे आयेशा पुढे म्हणत. म्हातारे, आजारी आणि बायका यांची रात्रीच निघण्याची सोय त्यातूनच आली. जिलहिज्ज महिन्याच्या 10 तारखेला मोठ्या जमरातला सात खडे मारायचे. बायकांनी दिवसाची झुंबड टाळून रात्री गेले तरी चालते. केवळ गर्दीला भिऊन नवऱ्याच्या हाती आपले खडे देणे मात्र योग्य धरत नाहीत. स्वतः जाणे खरोखर शक्य नसेल तरच ती सवलत.

कुर्बानीनंतर पुरुष मुंडण करतात. बाईने मुंडण करायचे नाही. केसांच्या टोकाकडून बोटाच्या एका पेराएवढे केस कापायचे, आणि तेही खोलीत किंवा आडोशाला. कापणारी दुसरी बाई, नवरा किंवा ती स्वतः. कात्री मोठ्या बॅगेत टाकावी, हातातल्या पिशवीतली विमानतळावर काढून घेतात.

यानंतर उरतो तो तवाफे-झियारत. हा हजचा खांब आहे, तो सुटला तर हज पुरा होत नाही. हनफी मतात तो 12 तारखेच्या सूर्यास्ताआधी करायचा, पण पाळीमुळे उशीर झाल्यास दंड नाही. शुद्ध होईपर्यंत थांबायचे. अडचण उभी राहते ती परतीच्या तिकिटामुळे. सरकारी हज कमिटीतून जाणाऱ्यांचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा असतो, तिथे वाव मिळतो. खासगी टूरच्या छोट्या मुदतीत तो नसतो. तारीख बदलणे अशक्यच झाले आणि बाईने तशाच अवस्थेत तवाफ केला तर हनफींच्या मते तो धरला जातो, पण उंट किंवा गायीची कुर्बानी द्यावी लागते. विद्वान इब्न तैमियांनी अशा लाचारीत सवलतीचा पक्ष घेतला आहे. शेवटचा, निरोपाचा तवाफ मात्र माफ आहे: पैगंबरांच्या पत्नी हजरत सफिया यांना परतीच्या वेळी पाळी आली, झियारतचा तवाफ झाला आहे ना एवढे विचारून त्यांना निघायला सांगण्यात आले.

तवाफे-झियारत अडू नये म्हणून अनेकजणी पाळी लांबवणाऱ्या गोळ्या घेतात. बहुतेक उलेमांनी त्याला परवानगी दिली आहे. या हार्मोनच्या गोळ्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात आणि मध्येच चुकल्या तर रक्तस्राव सुरू होतो. रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास, यकृताचा आजार, मायग्रेन असलेल्यांनी मैत्रिणीची उरलेली पाकिटे नेऊ नयेत. दोन महिने आधी डॉक्टरला दाखवावे. सतत ठिपके दिसू लागले तर ती पाळी धरायची की इस्तिहाजा, म्हणजे आजाराचा रक्तस्राव, हे मुफ्तींना विचारावे. इस्तिहाजात नमाज आणि तवाफ दोन्ही होतात.

राहिला महरमचा प्रश्न, म्हणजे सोबत नवरा किंवा ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही असा जवळचा पुरुष. हनफी आणि हंबली मत त्यावर कडक आहे. शाफई आणि मालिकी मतात फर्ज, म्हणजे बंधनकारक, हजसाठी विश्वासू बायकांची सोबत चालते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई असल्याने ही सवलत त्यांच्या घरात नवी नाही. भारतात 2018पासून 45 वर्षांवरील बायकांना चौघींच्या गटाने महरमशिवाय जाता येऊ लागले, 2023मध्ये गटाची अटही सैल झाली आणि त्या वर्षी चार हजारांहून अधिक बायका अशा गेल्या. सौदी सरकारनेही 2022मध्ये महरम बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. वयाच्या आणि गटाच्या अटी वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्या-त्या वर्षीचे परिपत्रकच पाहावे. पतीच्या निधनानंतरच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत असलेल्या बाईने मात्र हजला निघायचे नसते.

हज कमिटीचे मुख्यालय मुंबईतच, सीएसएमटीजवळच्या हज हाऊसमध्ये आहे, आणि निघण्याआधी जागोजागी प्रशिक्षण शिबिरे होतात. तिथे बायकांसाठी वेगळे सत्र आहे का ते आधी चौकशी करून जावे. नसेल तर तसे सत्र मागून घ्यावे, आणि आपली तारीख, आपली गोळी, आपले परतीचे तिकीट यांचा हिशेब तिथेच मांडून विचारावे. मक्केत पोहोचल्यावर हाच निर्णय परक्या खोलीत, काही तासांत घ्यावा लागतो.