तळघरात नेमकं काय सापडतं?

व्हिडिओ गेममधल्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षस, सापळे आणि कुलूपबंद दारांनी भरलेल्या तळघरात, खेळाडू तासन्‌तास का रमतो? खजिन्यासाठी, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये पेट्यांतला बराचसा ऐवज खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे ठरायचा. कितीही खोल उतरा, हाती यायचं ते आपल्या ऐपतीचंच. चार गुहा पालथ्या घातल्या की पाचवीची ओढ संपायची. मला वाटतं, डंजनमध्ये मन लागतं ते जागा कळू लागते तेव्हा.

१९८० च्या ‘रोग’मध्ये दर डावाला नकाशा नवा. मेलात की सगळं गेलं. कुठल्या रंगाचं औषध काय करतं, हेसुद्धा पुन्हा शोधायचं. पाठांतराला वावच नाही. अंगी मुरतात ते खेळाचे नियम. शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे परिसरात डोंगर-गुहा हिंडले होते. त्यांच्या १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये भुयारातून एखादं साधन मिळतं आणि आधी पाहिलेल्या जागांचा अर्थ बदलतो. शिडी मिळाली की वाट अडवणारा अरुंद प्रवाह सहज ओलांडता येतो.

१९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधलं पाण्याचं मंदिर अनेकांच्या शिव्या खाऊन बसलंय. माझ्या मते मात्र ते या परंपरेतलं फार मोठं काम आहे. मधोमध उंच मनोरा, भोवती दालनं आणि पाण्याच्या तीन पातळ्या. ठरावीक तीन ठिकाणी सूर वाजवला की पाणी चढतं किंवा उतरतं. एका पातळीला छताजवळ दिसणारं दार दुसऱ्या पातळीला पायाशी येतं. मनोऱ्याच्या आत पाणी मधल्या पातळीला आणलं की जमिनीतला एक ठोकळा तरंगत वर येतो आणि त्याच्या खालची वाट मोकळी होते. तिथली किल्ली असंख्य खेळाडूंच्या नजरेतून सुटली, कारण वर जायच्या घाईत खाली कोण बघतो! कंटाळा आणला तो पाण्यात तळाशी जाण्यासाठी घालायच्या लोखंडी बुटांनी. ते चढवायला-उतरवायला दर वेळी खेळ थांबवून मेन्यू उघडावा लागे. डंजन रचणाऱ्या एजी आओनुमांनी त्याबद्दल पुढे दिलगिरीही व्यक्त केली. २०११ च्या थ्रीडी आवृत्तीत बूट चटकन बदलता येऊ लागले, मंदिराची रचना मात्र तशीच राहिली. ते योग्यच झालं.

त्याच वर्षीच्या ‘स्कायरिम’मध्ये ब्लीक फॉल्स बॅरोचं कोडं सोनेरी पंजा हातात फिरवून बघितला की सुटतं: अस्वल, पतंग, घुबड ही खूण त्याच्या तळव्यावरच कोरलेली. छान आहे, पण सोपं.

‘डार्क सोल्स’ (२०११) याहून खूप पुढे जातो. फायरलिंक श्राइनपासून निघून, जीव मुठीत धरून वस्ती ओलांडत चर्चपर्यंत पोहोचावं. औषध संपत आलेलं, मागे फिरावं तर तेच शत्रू. तिथल्या लिफ्टमध्ये पाय ठेवावा, तर ती खाली खाली जात थेट फायरलिंकला उतरते! दूरदूर वाटलेल्या दोन जागा एकमेकींच्या वर-खाली होत्या, हे त्या क्षणी उमगतं. पेटी नाही, तलवार नाही, तरी इतकी घसघशीत कमाई मला दुसऱ्या गेममध्ये क्वचितच झाली.

२०२२ च्या ‘एल्डन रिंग’मधली बरीच थडगी एकमेकांची नक्कल वाटतात आणि तिथे उत्साह मावळतो. अपवाद लेंडेलच्या भुयाराचा. तिथे खोल्या मुद्दामच सारख्या ठेवल्यात. आपण फिरून मूळ जागी आलो असं वाटतं. मग मघाच्या कोपऱ्यात वेगळाच शत्रू उभा दिसतो आणि कळतं की आपण पुढच्याच खोलीत आहोत.