हंगामाची सनद

दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाचा जोर ओसरून भाताची कापणी सुरू झाली, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या दिसू लागल्या आणि तारपकऱ्याने आढ्याला टांगून ठेवलेला तारपा खाली उतरवला, की सिल्वासा आणि खानवेल भागांतील शाळांच्या मैदानांवरही फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडू लागतात. चार महिने चिखलात बुडालेली ही मैदाने दिवाळीनंतर जी जागी होतात ती होळीपर्यंत. आणि मग परीक्षांचे दिवस जवळ आले म्हणजे एका दुपारी घाईघाईने मंडप घालून, पाहुण्यांची वाट पाहत ताटकळलेल्या मुलांना चषक वाटून, हंगामाची सांगता केली जाते. हंगाम तोंडावर असताना त्याच्या अखेरीविषयी लिहिण्याचे कारण एवढेच, की तो अखेरचा गौरव जर खरोखर गौरव व्हावयाचा असेल, तर त्याची तयारी सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या पहिल्या सकाळपासून करावी लागते, आणि ती तयारी म्हणजे दुसरे काही नसून शंभर पानांची एक वही होय.

या वहीकडे येण्यापूर्वी सध्याच्या शिरस्त्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. चषकांच्या दुकानात उभे राहिले असता एकाच साच्यातून निघालेले, सोनेरी मुलामा दिलेले प्लास्टिकचे चषक उंचीच्या क्रमाने मांडलेले दिसतात. त्यांच्या बैठकीवर चिकटवावयाच्या पट्ट्या गठ्ठ्याने छापून घेतात, आणि त्यांवर 'उत्कृष्ट खेळाडू' याखेरीज एक अक्षरही नसते. हा खेळाडू कशात उत्कृष्ट, कोणत्या दिवशी, कोणाच्या देखत, याचा काहीच तपशील नसल्यामुळे तो चषक ज्याला मिळाला त्याचा असतो तितकाच तो शेजारच्या मुलाचाही असू शकतो. माझ्या शाळकरी वयात आमच्या खो-खो संघाला आंतरशालेय स्पर्धेत उपविजेतेपद मिळाले, तेव्हा मला दिलेल्या प्रशस्तिपत्रकावर माझ्या आडनावाच्या जागी दुसऱ्याच एका मुलाचे आडनाव पडले होते. वडिलांनी दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज केला, एकदा स्वतः जाऊनही आले. पण ते आडनाव काही बदलून मिळाले नाही. ते पत्रक अजून माझ्या जुन्या ट्रंकेत आहे, आणि ते मी आजवर कोणालाही दाखवलेले नाही. नाव चुकणे ही कारकुनी चूक खरी. पण बारा वर्षांच्या मुलाला तिचा अर्थ एकच लागतो, की आपण खेळत होतो तेव्हा आपल्याकडे कोणी पाहत नव्हते.

कागदावरच्या अक्षरांचे वजन या भूमीला निराळे समजावून सांगावयास नको. १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहात बारा हजार रुपये वार्षिक वसुलाची गावे पोर्तुगिजांना लावून देण्याचे ठरले, १७८३ साली नगर हवेली त्यांच्याकडे गेली, आणि त्या एका कलमाचे परिणाम येथील रयतेने २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत भोगले. परंतु त्याच मराठी दप्तराने आपल्याला गौरवाचा एक उत्तम नमुनाही दिला आहे, तो म्हणजे इनामाची सनद. जुन्या सनदा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, की 'अमक्यास इनाम दिले' एवढ्यावर त्या थांबत नाहीत. इनाम पावणारा कोण, कोणाचा पुत्र, कोणत्या गावचा, कोणत्या प्रसंगी त्याने कोणती सेवा केली आणि तीवर कृपाळू होऊन धन्याने काय दिले, हे सारे नमूद होते आणि मग शिक्कामोर्तब होते. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक खेळाडूला अशी चार ओळींची सनद हाताने लिहून द्यावी, हे या लेखातील माझे मुख्य मागणे आहे. तीत विशेषण एकही नसले तरी चालेल. प्रसंग मात्र असलाच पाहिजे.

तो प्रसंग हंगामाच्या शेवटी आठवत बसून सापडत नाही, म्हणून वही. क्रीडाशिक्षकाने सराव संपल्यावर झाडाखाली बसून रोज दोन ओळी लिहाव्यात, त्यांत दिनांक असावा, आणि दर पंधरवड्याने पाने उलटून आजवर कोणाचे नाव आले नाही ते पाहावे. मग पुढच्या पंधरवड्यात त्या मुलाकडे मुद्दाम लक्ष ठेवावे. अशी एक वही मला पाहावयास मिळाली. कडेला मातीच्या बोटांचे ठसे उमटलेल्या त्या पानांवर एका मुलीविषयी लिहिले होते, 'अख्ख्या सामन्यात चौकोनातून एकदाही खो मिळण्याआधी उठली नाही.' खो-खो ज्यांनी खेळला आहे त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल. आक्रमण करणाऱ्या नऊ जणांपैकी एक धावत असतो आणि आठ जण बसलेले असतात. गडी समोरून निसटताना पाहूनही, पायांचे स्नायू ताणलेले ठेवून, पाठीवर थाप पडून 'खो' हा शब्द कानी येईपर्यंत दम धरणे ही धावण्याहून अवघड गोष्ट आहे, आणि तिची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होत नाही.

आमच्या मराठी वृत्तपत्रांनी खो-खोच्या बातमीची जी पद्धत रूढ केली आहे तिचा येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. खेळाडूच्या नावापुढे कंसात '२.१० मि. संरक्षण व ३ गडी' असे छापून येते, आणि तेवढ्यात सारे येते. नऊ जणांचा पाठलाग सुरू असताना दोन मिनिटे दहा सेकंद ही मुलगी हाती लागली नाही, हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्या कात्रणाला जी मुले चौकट करून घेतात ती चषकाला धूळ बसू देतात, यात नवल नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाला नियमांची चौकट दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ज्याच्या पहिल्या विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ विजयी झाले, त्या या खेळाने बालखेळाडूंच्या गौरवाची आणखी एक सुंदर रीत घालून दिली आहे. राष्ट्रीय स्पर्धांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूंचे पुरस्कार येथे क्रमांकांनी ओळखले जात नाहीत. चौदा वर्षांखालील मुलाला 'भरत' पुरस्कार मिळतो आणि मुलीला 'इला', अठरा वर्षांखालील मुलाला 'वीर अभिमन्यू' आणि मुलीला 'जानकी', तर प्रौढ गटात पुरुषाला 'एकलव्य' आणि स्त्रीला 'राणी लक्ष्मीबाई'. सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा बाळ भरत, चक्रव्यूहात एकटा शिरणारा अभिमन्यू. पुरस्काराचे नाव उच्चारले की त्याच्यामागे एक कथा उभी राहते, आणि मूल त्या कथेत जाऊन बसते. सिल्वासाच्या शाळांनी हीच रीत येथल्या मातीतून का चालवू नये? पुराणांतली नावे हवीतच असे नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली, तेव्हा लोकांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटले. या एका उपाधीने डोंगरातल्या एका पाड्याचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवले. मुलीच्या नावाला तिच्या पाड्याचे नाव जोडून मान देणे, हे आमच्या भागातही सहज होण्यासारखे आहे.

बक्षीस सर्वांना द्यावे की थोड्यांनाच, हा वाद शिक्षकांत दरवर्षी होतो. त्यावर जत्रेतल्या कुस्तीच्या फडाने फार पूर्वीच तोड काढली आहे, असे मला वाटते. फडाच्या प्रारंभी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात त्या रेवड्यांवर, खारीक-खोबऱ्यावर किंवा नारळावर. पंच मूठभर रेवड्या दोघांच्याही हातांवर ठेवतो. पण ज्याने डाव टाकला त्याच्यासाठी हलगी वाजते, त्याचा हात वर करून त्याला कडेकडेने फिरवतात, आणि बसलेली म्हातारी माणसे त्याचा दंड चाचपून कनवटीचे नाणे काढून देतात. उत्तेजन दोघांना मिळाले, गौरव एकाला. आणि तो गौरव ज्यांना खेळ कळतो त्यांच्या हातून मिळाला.

बक्षिसाने अपायही होतो, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. अमेरिकेतील मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा: चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना, चित्र काढाल तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल, असे आधी सांगून ते देण्यात आले, काहींना तेच पत्रक न सांगता, अचानक दिले, उरलेल्यांना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुले काय करतात ते पाहिले, तेव्हा आमिषाने चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक मिळालेल्या पत्रकाने मात्र आवड कमी झाली नाही. तेव्हा चषकाचा जाहीरनामा हंगामाच्या आरंभी फळ्यावर लावण्यापेक्षा वहीतील नोंदी वहीतच राहू द्याव्यात, आणि आपल्याविषयी कोणीतरी काही लिहून ठेवले आहे हे मुलांना अखेरच्या दिवशीच कळावे, हे अधिक शहाणपणाचे.

समारंभ कोठे आणि केव्हा व्हावा, हा प्रश्न मला सनदेइतकाच महत्त्वाचा वाटतो. मसाट-रखोलीच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणाऱ्या किंवा रोजावर राबणाऱ्या आईबापांना दुपारी तीन वाजताच्या समारंभाला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे होय. म्हणून मुलाचा गौरव आईबापांच्या अनुपस्थितीत उरकला जातो आणि घरी पोहोचतो तो पिशवीतला चषक. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, आणि ते गोळेश्वरला परतले तेव्हा दीडशेवर बैलगाड्या त्यांच्या स्वागताला जुंपल्या होत्या. वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंतच्या पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, अशी आठवण सांगितली जाते. गौरव गावात गेला, माणूस गौरवासाठी दूर गेला नाही. शाळेने एका रविवारी संध्याकाळी पाड्यावरच जावे, तारपकऱ्याला बोलवावे, आणि सनद मोठ्याने वाचून ती मुलाच्या आईच्या हाती द्यावी. आई कोकणा, धोडिया, वारली यांपैकी ज्या बोलीत बोलते त्या बोलीत तिला अर्थ सांगावा.

खाशाबांच्या कथेत आणखी एक भाग आहे. त्यांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले होते. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांचे फड लावून पैसा उभा केला आणि ते घर सोडवले. खेळाडूने केलेला हा गौरव मला बैलगाड्यांच्या मिरवणुकीहून थोर वाटतो. म्हणून समारंभाचा उत्तरार्ध मुलांच्या स्वाधीन करावा. पहाटे भाकरी बांधून देणारी आजी, मैदानावर पाणी मारणारा शिपाई, गुण लिहिणारा विद्यार्थी, पाय मुरगळल्यामुळे वर्षभर बाहेर बसून इतरांचे कपडे सांभाळणारा गडी, यांपैकी कोणाचे ऋण आपल्यावर आहे ते मुलांनी आपसांत ठरवावे आणि त्यांच्यासाठी सनदा मुलांनीच लिहाव्यात.

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या विजेत्याला रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे, हे सर्वश्रुत आहे. पण अथेन्सच्या पॅनाथिनाइक उत्सवात विजेत्याला तेलाने भरलेले रांजण देत, आणि त्या रांजणाच्या एका अंगावर अथीना देवी व दुसऱ्या अंगावर तो ज्या स्पर्धेत जिंकला तीच स्पर्धा, धावणारे पाय, भिडलेले मल्ल, चितारलेली असे. हे वाचताना मला आपल्या वारली भिंतीची आठवण झाली. दोन त्रिकोण टोकाशी टोक जोडून मांडले की धड होते, चार रेघांनी हातपाय होतात, आणि त्या रेघा किंचित कलल्या की ती आकृती पळू लागते, वाकू लागते, पाणी शेंदू लागते. लग्नचौकाच्या भिंतीवरून ही कला कागदावर आणून जगापुढे ठेवणारे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातील गंजाडचे, म्हणजे येथून फार लांबचे नव्हेत. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या चित्रात चेहरा नसतो, कृतीवरूनच माणूस ओळखावा लागतो, ते चित्र खेळाडूच्या गौरवाला किती योग्य!

ज्या शाळेतील वहीविषयी वर लिहिले, तेथे गेल्या होळीच्या सुमारास मुलांनी वर्गामागची भिंत शेणाने सारवून, गेरू देऊन, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने आपला हंगाम चितारला होता. खांबाला वळसा घालणारा मुलगा, कबड्डीच्या रेषेवर पाय लांबवलेला मुलगा, पाण्याची कळशी घेतलेली बाई. आणि मधोमध आठ आकृतींची रांग, तिच्यातील एक टाचांवर उचललेली, तरीही बसलेली. ती कोण हे चित्र काढणाऱ्या मुलांना विचारावे लागले नाही, त्यांनीच बोट दाखवून सांगितले. यंदाच्या पावसात पागोळ्यांच्या पाण्याने भिंतीचा खालचा भाग धुऊन गेला. मी गेलो तेव्हा पोरे उरलेला गेरू खरवडून काढत होती, नवे सारवण एका घमेल्यात कालवून तयार होते, आणि शिक्षकांच्या टेबलावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर संघातल्या साऱ्या मुलांची नावे, आडनावांसकट, हजेरीपटाशी ताडून लिहिलेली होती.