दहा पै आणि वर थोडे

वसईतल्या आमच्या वाडीचा मागचा तुकडा पणजोबांनी १९३८ साली ४०० रुपयांना गहाण टाकला. तो आजही सावकाराच्या वारसांकडे आहे. गेल्या वर्षी माझे वडील वारले आणि वारसनोंदीच्या कागदांबरोबर एक हक्कसोडपत्रही माझ्यापुढे आले. "तुझ्या वाट्याला येऊन येऊन येणार किती?" काका म्हणाले. खरेच किती, ते पाहायला मी सात-बारा घेऊन बसले.

आमच्या उताऱ्यावर हिस्से आजही आण्यांत आहेत. (पिकाची आणेवारी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) सबंध जमीन म्हणजे एक रुपया, म्हणजे १६ आणे, म्हणजे १९२ पै. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, आणे हळूहळू खिशातून गेले, पण जमिनीत राहिले. पणजोबा १९४६ साली वारले. तीन मुलगे, प्रत्येकी ५ आणे ४ पै. एक मुलगीही होती. तिचे नाव फेरफारात नाही, कारण १९५६पूर्वी भाऊ असलेल्या हिंदू मुलीला अशा जमिनीत वाटा नव्हता. आजोबांचे दोन मुलगे, प्रत्येकी २ आणे ८ पै. आता वडिलांमागे आई, मी आणि धाकटा भाऊ, तिघांना सारखे. २००५च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः हिस्सेदार झाली. ३२ पैंचे तीन भाग: दहा पै आणि दोन तृतीयांश. इथे पै संपते. पुढच्या पिढीचे गणित कसे मांडणार, देव जाणे.

शेजारच्या ख्रिस्ती वाडीत हिशोब वेगळा. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर आधी विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना समान. म्हणजे सबंध वाडी नवऱ्याची असेल, तर तिलाही ५ आणे ४ पैच. आमच्याकडे हाच आकडा तीन भावांनी पाडला.

जमीन अशी वाटायचीच, असे सगळीकडे नव्हते. पोर्तुगीज अमदानीत याच वसईच्या अखत्यारीतली गावे ठरावीक फाळ्यावर एकेका धारकाला मिळत, बहुधा तीन आयुष्यांपुरती. विधवाही धारक होऊ शके. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई बेटाचा ताबा इंग्रजांना देण्यात आला, तो बेटाची मालकीण डोना इनेस दे मिरांडा या विधवेच्या वाड्यात. खुद्द इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर गावची जहागीर थोरल्या मुलाकडे जाई. हा नियम १९२५च्या कायद्याने गेला. बड्या घराण्यांत धाकट्यांना जमीन नाही, रोख रक्कम ठरवून देत आणि तिचा बोजा जमिनीवर चढवत. तिथे वारसा अखंड राही आणि त्यापायीच गहाणे वाढत.

आमच्याकडे उलटे. हिस्से फुटत जातात, गहाण मात्र फुटत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६० सांगते की एका हिस्सेदाराला आपल्यापुरते पैसे भरून आपल्यापुरता तुकडा सोडवता येत नाही; गहाणदाराने स्वतःच एखादा हिस्सा घेतला असेल तर गोष्ट वेगळी. पण सबंध गहाण सोडवायला एकटा हिस्सेदार पुरतो, मग त्याचा वाटा कितीही असो. तेव्हा दहा पै काय नि सोळा आणे काय! सोडवणारा मग गहाणदाराच्या जागी येतो आणि इतरांकडून त्यांच्या हिश्शापुरती रक्कम मागू शकतो. काका ज्या कागदावर सही मागत होते, त्याने नेमके हेच माझ्या हातून गेले असते. त्यांना ते ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

राहता राहिली मुदत. साठ वर्षे उलटली, आता काही होणार नाही, असे घरात सगळेच धरून चालले होते. नजरगहाण असते, तर तसेच झाले असते. पण पणजोबांचे ताबेगहाण आहे: मुद्दल फिटेपर्यंत ताबा सावकाराकडे, उत्पन्न व्याजापोटी. अशा गहाणाची मुदत कागदाच्या तारखेपासून सुरूच होत नाही, पैसे चुकते झाल्यावर होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सिंग राम खटल्यात सांगितले. समोरचा पैसे घेईना, तर कलम ८३प्रमाणे ते न्यायालयात भरता येतात. चारशे रुपये! आज वसईत त्यांत केळीची दोन रोपे लावून होणार नाहीत आणि जमीन तर सोन्याच्या भावाची. समोरच्या मंडळींनी तीन पिढ्या ती कसली आहे, हेही मी विसरत नाही. विहिरीला मोटार त्यांनीच बसवली.

भावाला हे सगळे वाचून दाखवले. त्याने पहिल्यांदा विचारले, "दावा लागला तर खर्च कोण करणार?" मी म्हटले, आधी मी. नंतर तुझ्या वाट्याचा तू द्यायचास, दहा पै आणि वर दोन तृतीयांशाच्या हिशोबाने.