कुडव्यातल्या दीडशे जागा कोणाच्या?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची नवी इमारत व्हायची आहे. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. महाविद्यालय मात्र त्याच्या आठ वर्षे आधीपासून सुरू आहे. २०१६ मध्ये १०० जागांनी त्याचा आरंभ झाला, पुढे जागा १५० झाल्या, आणि इतकी वर्षे केटीएस रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाच्या आधाराने त्याचा कारभार चालला. जिल्हा वैद्यकीय शिक्षणात एवढा नवा असल्यामुळे एक गोष्ट इथे फार स्वच्छ दिसते. या महाविद्यालयाची पहिली तुकडी राज्याच्या स्वतःच्या सीईटीतून आणि विभागवार कोट्यातून आली. दुसऱ्या वर्षापासून देशपातळीवरची ‘नीट’ आली, कोटा राहिला. २०२० पासून नीट राहिली आणि कोटा गेला. एका महाविद्यालयाने पहिल्या पाच प्रवेशवर्षांत प्रवेशाच्या तीन पद्धती पाहिल्या. प्रत्येक बदलाच्या वेळी चर्चा झाली ती विद्यार्थ्यावर अन्याय होतो की नाही याची. जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या रुग्णाला पुढे डॉक्टर मिळेल का, हा प्रश्न त्या चर्चेत कोणाचाच नव्हता.

या नियमनाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण आजची व्यवस्था कशाच्या उबगातून आली हे त्याशिवाय कळत नाही. १९३४ मध्ये सुरू झालेली भारतीय वैद्यक परिषद १९५६ च्या कायद्याने नव्या रूपात उभी राहिली. महाविद्यालयांना मान्यता देणारी हीच संस्था २०१० मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात इतकी बदनाम झाली की तिच्या अध्यक्षांनाच अटक झाली आणि सरकारला परिषद बरखास्त करावी लागली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्या कारभारावर अत्यंत कडक अहवाल दिला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. शेवटी २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून परिषदेची जागा आयोगाने घेतली. नीटचा प्रवासही असाच धक्के खात झाला. पहिली नीट मे २०१३ मध्ये झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक मतांनी रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तोच निकाल मागे घेतला आणि त्याच वर्षापासून परीक्षा घ्या असे सांगितले. अभ्यास सीईटीचा आणि परीक्षा नीटची, अशी महाराष्ट्रातल्या मुलांची पंचाईत झाली. मे महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून राज्यांच्या सरकारी जागांना त्या एका वर्षापुरती सूट दिली. गोंदियाची पहिली तुकडी सीईटीची निघाली ती यामुळे.

नीट नको होती असे म्हणणाऱ्यांनी त्याआधीचा काळ आठवावा. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये वाढली. देणग्यांचा धंदा इतका फोफावला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला, आणि कायदा होऊनही धंदा थांबला नाही. खासगी महाविद्यालयांच्या संघटनेची परीक्षा वेगळी, अभिमत विद्यापीठांच्या वेगळ्या, राज्याची वेगळी. दर ठिकाणी अर्ज, दर ठिकाणी शुल्क, आणि शेवटच्या फेरीत कोणाचे नाव कुठून उगवले हे विचारायची सोय नाही. गोंदियाच्या शिक्षकाच्या किंवा धान उत्पादक शेतकऱ्याच्या मुलीला ही धावपळ झेपणारी नव्हती. नीटमुळे एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी आणि जाहीर कटऑफ आले. खासगी महाविद्यालयाच्या जागेलाही गुणांची अट लागली. फी अजूनही आवाक्याबाहेर आहे, तरी यादी उघड्यावर आली हे काही थोडे नाही. त्यामुळे राष्ट्रीय परीक्षा मोडा असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे: विद्यार्थी पात्र आहे का, एवढे ठरवायला ही परीक्षा चांगली आहे. कोणत्या पात्र विद्यार्थ्याला कुडव्यात बसवावे हे ठरवायला ती अपुरी आहे, आणि ते काम आपण तिच्यावरच ढकलले आहे.

परीक्षेची ताकद कुठे संपते ते २०२४ ने दाखवले. सुमारे २३ लाख मुलांनी परीक्षा दिली. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाढीव गुण रद्द होणे आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर बदलणे या सगळ्यानंतर सुधारित निकालात ते १७ उरले. एका प्रश्नाच्या उत्तरावर क्रमांक हजारोंनी सरकतो. पेपरफुटीच्या प्रकरणात तपासाचे धागे बिहार, झारखंड, गुजरातबरोबर लातूरपर्यंतही आले. न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली, कारण फूट देशभर पसरल्याचा पुरावा समोर नव्हता, आणि तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण परीक्षा शंभर टक्के स्वच्छ झाली असे धरले तरी, बहुपर्यायी १८० प्रश्नांतून निघालेला १२ गुणांचा फरक दोन मुलांपैकी चांगला डॉक्टर कोण होईल हे सांगत नाही. रिपीटरचे एक वर्ष आणि क्लासची फी परवडली की नाही, हे मात्र तो फरक बऱ्यापैकी सांगतो. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये नेमके हेच मांडले होते: नीटनंतर ग्रामीण, सरकारी शाळेतल्या आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचे प्रमाण घटले. त्यावरून नीटच रद्द करावी, हा त्या राज्याने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्याच राज्याने २०२० मध्ये केलेला दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा होता. नीट उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या, आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा टिकवला.

महाराष्ट्रात ‘ठिकाण’ प्रवेशातून कसे बाहेर पडले, ती कथा वेगळी आहे. राज्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग धरून ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के सर्व राज्याला, असे सूत्र होते. त्याचे मूळ १९८६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. नागपूरच्या महाविद्यालयात फक्त नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातली मुले, अशी पूर्ण बंदिस्त पद्धत न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि ७० टक्क्यांची मर्यादा घालून दिली. पुढे मराठवाड्यातून तक्रार वाढली. तिथे महाविद्यालये कमी, जागा कमी, लातूर-नांदेडची मुले गुणांत पुढे. मग विदर्भातल्या मुलापेक्षा जास्त गुण असूनही आम्ही बाहेर का? तक्रार खरी होती. सप्टेंबर २०२० मध्ये सूत्र रद्द झाले. पण ती तक्रार जागांच्या विषम वाटपाची होती, स्थानिक प्रवेशाच्या तत्त्वाची नव्हती. आणि जागांचे चित्र आता बदलले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांपैकी मराठवाड्यात जालना आणि हिंगोली, विदर्भात अमरावती, बुलढाणा, वाशिम, भंडारा, गडचिरोली. ज्या कारणाने औषध बंद केले ते कारण ओसरत चालले आहे.

विद्यार्थ्याचे असे, तर महाविद्यालयाचे मोजमाप कसे होते? आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १५० जागांसाठी रुग्णालयात ६०५ खाटा लागतात, विभागवार अध्यापक लागतात, त्यांची आधारशी जोडलेली हजेरी लागते. पूर्वी पथक तपासणीला यायचे तेव्हा नागपुरातले प्राध्यापक तात्पुरत्या बदलीने नव्या महाविद्यालयात हजर व्हायचे आणि पथक गेले की परतायचे. विदर्भात हा प्रकार नित्याचा होता. हजेरीच्या यंत्राने त्याला थोडा चाप बसला. तरी २०२५ च्या जून-जुलैमध्ये सीबीआयने तपासणीतल्या लाचखोरीबद्दल ३४ जणांवर गुन्हा नोंदवला, त्यात आरोग्य मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांचीही नावे होती आणि शेजारच्या रायपूरचे एक खासगी महाविद्यालयही. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत. मला खटकते ते यापेक्षा साधे आहे. खाटा, वर्गखोल्या, हजेरी या सगळ्या रकान्यांत, दहा वर्षांत इथून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण या जिल्ह्यात काम करतात, असा रकाना नाही. दहा लाख लोकसंख्येमागे १०० जागा हा आयोगाचा दंडकही, ज्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, सबंध राज्याची सरासरी धरतो. मुंबई-पुण्याच्या जागा आणि गोंदियाची तूट त्या सरासरीत एकत्र मिसळून जातात. निकष सैल करा असे मात्र कोणी म्हणू नये. ६०५ खाटांची अट गोंदियातल्या रुग्णाच्या आणि सीमेपलीकडून येणाऱ्या बालाघाटच्या रुग्णाच्या हिताचीच आहे.

डॉक्टर कुठे थांबतो याबद्दल जगभरचा अनुभव बराच एकमुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दिलेल्या शिफारशींत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य द्या आणि महाविद्यालये महानगरांबाहेर काढा, हे दोन्ही आहे. आपण दुसरे केले, पहिले सोडून दिले. जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ याच कामासाठी काढले. प्रत्येक प्रांतातून ठरावीक विद्यार्थी निवडायचे, शिक्षणाचा खर्च प्रांताने उचलायचा आणि पदवीनंतर साधारण नऊ वर्षे त्यांनी आपल्याच प्रांतात, त्यातही दुर्गम भागात काम करायचे. इतके लांब जायचीही गरज नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या महाविद्यालयाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, तिच्यात गांधीविचारांवर वेगळी प्रश्नपत्रिका असायची, पहिल्याच वर्षी विद्यार्थी खेड्यात शिबिराला राहायचे आणि पदव्युत्तर जागेसाठी ग्रामीण सेवेची अट होती. ती प्रश्नपत्रिका पाठ करूनही लिहिता येत असेल, हे मान्य. तरीही कशासाठी डॉक्टर हवा आहे हे तिथे प्रवेशाच्या दारातच सांगितले जायचे. नीटनंतर ती परीक्षा गेली.

मग करायचे काय? पहिल्यांदा महाविद्यालय मिळालेल्या गोंदिया, गडचिरोली, हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांपैकी चौथा हिस्सा त्याच जिल्ह्यातल्या मुलांसाठी ठेवावा. नीटची पात्रता सर्वांना सारखीच, सामाजिक आरक्षण त्या हिश्श्याच्या आत जसेच्या तसे, आणि बदल्यात पदवीनंतर पाच वर्षे जिल्ह्यात सेवा. पहिला आक्षेप गुणवत्तेचा येईल. पण उत्तीर्ण व्हायची पातळी कोणीही खाली आणत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची तीच परीक्षा सगळ्यांना द्यायची आहे. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: बाहेरची मुले कागदोपत्री गोंदियात नाव घालतील. अकरावी-बारावीला ‘डमी’ प्रवेश घेऊन क्लासला जाण्याची रीत पाहता ही भीती अगदी रास्त आहे. म्हणून अट बारावीची नको, पाचवी ते दहावी जिल्ह्यातल्या शाळेत शिकल्याची हवी. गोंदियाची मुलेही अकरावीला नागपूर गाठतात, त्यांचे नुकसान होता कामा नये. आणि आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांना याचा सर्वांत जास्त लाभ होईल.

तिसरा आक्षेप असा की सेवेचा बॉण्ड आधीच आहे. आहे, एक वर्षाचा. आणि पूर्वी दहा लाख भरून त्यातून सुटता येत असे. पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीतल्या मुलाला ते वर्ष अडथळा वाटते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला दर वर्षी नवा, जायच्या घाईतला डॉक्टर मिळतो. ज्याचे घर आमगावला आहे त्याचे पाच वर्षांचे गणित वेगळे असते. तो राहीलच अशी हमी नाही. औषधे नाहीत, निवासस्थान गळते, रात्री अपघात आला की नातेवाइकांचा जमाव अंगावर येतो, अशा ठिकाणाहून गावचा मुलगाही निघून जाईल; प्रवेशाचा नियम ही दुरुस्ती करू शकत नाही, ती आरोग्य विभागानेच करायची आहे. सिकलसेलच्या रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारा डॉक्टर मिळण्याची शक्यता मात्र अशा प्रवेशातून निश्चित वाढते.

कायद्याची अडचण येईल का? पदव्युत्तर जागांसाठी रहिवासावर आधारित आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घटनाबाह्य ठरवले, पण एमबीबीएससाठी मर्यादित प्रमाणात ते चालू शकते ही १९८४ च्या प्रदीप जैन निकालापासूनची भूमिका कायम ठेवली. पंचवीस टक्के हे १९८६ च्या सत्तर टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली आहे. आयोग खाटा आणि अध्यापक मोजतो, नीट गुण मोजते. राज्य कोट्यातल्या जागा कशा वाटायच्या हे आजही राज्य सरकार ठरवते आणि सीईटी कक्ष अमलात आणतो. संसदेत जायला नको, दिल्लीची परवानगीही नको. प्रवेशाची माहितीपुस्तिका दर वर्षी नव्याने निघतेच. २०२० मध्ये ७०:३० चे सूत्र रद्द करायला राज्य सरकारचा एक निर्णय पुरला होता.