तुटलेली कमान

दुनळी बंदूक मध्यावर मोडून उघडली, की एक लहानसं नवल दिसतं. एकाच नळीतून बार उडवला असेल, तर त्या नळीतलं रिकामं काडतूस उसळून खांद्यावरून मागे पडतं. दुसऱ्या नळीतलं भरलेलं काडतूस मात्र बोटांना धरता येईल इतकंच वर येऊन थांबतं. कोणती नळी वाजली आणि कोणती नाही, हे बंदुकीला नेमकं ठाऊक असतं. ही करामत करणाऱ्या यंत्रणेला इजेक्टर म्हणतात. शंभर वर्षांच्या बंदुकीत बहुधा हीच यंत्रणा आधी थकते.

अशा बंदुका दुरुस्तीसाठी जिथे येत आल्या, त्यांतलं एक ठिकाण म्हणजे दिल्लीचा कश्मीरी गेट. कॅनॉट प्लेस उभं राहण्याआधी गोऱ्या साहेबांची खरेदी याच भागात चाले, आणि बंदुकांची जुनी दुकानं इथे आजही आहेत. इंग्लंडमधल्या वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट यांच्या बंदुका, किंवा कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्यांची नावं कोरलेल्या बंदुका संस्थानिकांकडून, जमीनदारांकडून आणि लष्करी अधिकाऱ्यांकडून पुढच्या पिढ्यांकडे आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. १९८० च्या दशकात खासगी आयातही थांबली. नवी विलायती बंदूक मिळेना, जुनीचे सुटे भागही मिळेनात. मोडलेला भाग हातानेच घडवायचा, हा एकच मार्ग उरला.

खरं तर सुटे भाग मिळाले असते, तरी ते जसेच्या तसे बसले नसते. त्या काळी प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच बंदुकीत बसवलेला असे. एकाच कारखान्यातल्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन बंदुकांचे भागही एकमेकींत बसतीलच असं नाही.

१८७४ मध्ये जोसेफ नीडहॅम यांनी आपोआप काडतूस फेकणाऱ्या रचनेचं पेटंट घेतलं. पुढे थॉमस साऊथगेट यांची सुटसुटीत रचना सर्वाधिक रुळली. नळ्यांखालच्या लाकडी भागात, म्हणजे फोरएंडमध्ये, दोन छोटे घोडे आणि चिमट्याच्या आकाराच्या दोन सपाट कमानी, म्हणजे स्प्रिंगा, एवढाच तिचा संसार. तत्त्व विजेच्या जुन्या खटक्याचं. खटका मध्यबिंदूच्या अलीकडे असेल तर जागीच राहतो, किंचित पलीकडे गेला की कमान त्याला झटक्याने पुढे फेकते. बार उडवताना बंदुकीच्या आतला घोडा पडतो आणि एक दांडी किंचित पुढे सरकते. नळ्या उघडताना इजेक्टरचा घोडा त्या दांडीला अडून मध्यबिंदू ओलांडतो आणि काडतूस उचलणाऱ्या दट्ट्यावर आदळतो. बार उडाला नसेल, तर दांडी मागेच राहते आणि घोडा हलत नाही. बंदुकीची ‘आठवण’ म्हणजे दांडीचं हे काही मिलिमीटरांचं सरकणं.

यंत्रणा बंद पडली म्हणजे काहीतरी तुटलंच असं समजू नये. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बंदुकीत जुनं तेल लाखेसारखं घट्ट होतं, आणि कित्येकदा नुसत्या सफाईने काम भागतं. खरी मोडतोड होते ती कमानीच्या वाकात, घोड्याच्या झिजलेल्या नाकात किंवा वाकलेल्या दट्ट्यात. बरंचसं नुकसान मालकाच्या हातूनही होतं. बंदूक उघडी असताना फोरएंड काढला, तर सुटलेले घोडे तसेच राहतात. मग तो परत बसत नाही आणि माणूस जोर लावतो. म्हणून आधी बंदूक मिटावी. मिटताना घोडे पुन्हा चढतात. त्यानंतरच फोरएंड काढावा.

कमान घडवणं हे या कामातलं सर्वांत नाजूक प्रकरण. उच्च कार्बनचं पोलाद मऊ करून कानशीने घासायचं, आणि तेही लांबीच्या दिशेनेच. आडवा ओरखडा राहिला, तर पुढे तडा तिथूनच जातो. पात लाल करून वाकवायची, पुन्हा लालबुंद तापवून तेलात विझवायची. हे पोलादाला पाणी देणं. या अवस्थेतली कमान काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ असते. म्हणून सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून तिचं पाणी थोडं उतरवायचं. पृष्ठभागावर निळी झाक येताच थांबायचं. निळाई येण्याआधी थांबलं तर कमान तुटते, फार पुढे गेलं तर तिचा जोर जातो.

बसवताना काजळी कामाला येते. दिव्याच्या ज्योतीवर धरून भागाला काजळी लावायची, जागेवर बसवून काढायचा, आणि जिथे काजळी पुसली गेली तिथेच कानशीचा एक हात फिरवायचा. शेवटी दोन नकली काडतुसं घालून चाचणी. दोन्ही एकाच क्षणी सुटावीत आणि जवळजवळ पडावीत. कारागीर डोळ्यांइतकाच कानानेही तपासतो. दोन घोड्यांचा ठोका एकच ऐकू यायला हवा.

हे काम घरी करण्याचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. दिल्ली परिसरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरयाणात. तिथली बंदूक कश्मीरी गेटला नेण्याआधी आपला परवाना कोणत्या हद्दीत चालतो, हे पाहायलाच हवं. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेल्या बंदुकीचा निर्णय घेताना तेही लक्षात घ्यावं. आणखी एक खबरदारी घ्यावी. जुन्या इंग्रजी बंदुकांच्या नळीत काडतूस बसण्याचं घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज शिरतं, पण उडताना दाब धोकादायक वाढू शकतो. इजेक्टर नीट झाला म्हणजे बंदूक सुरक्षित झाली, असं होत नाही. नळ्याही जाणकाराने तपासलेल्या हव्यात.

वडिलांची किंवा आजोबांची अशी बंदूक तुमच्या घरात असेल आणि तिची कमान तुटली असेल, तर तुटलेले तुकडे फेकू नका. कागदात गुंडाळून ते बंदुकीसोबत कारागिराकडे द्या. कमान किती जाड होती, कुठे निमुळती होत गेली, वाक किती होता, हे ज्याने ती घडवली त्याने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. ते त्या दोन तुकड्यांतच आहे.