रचलेले छायाचित्र आणि ग्रेगरी क्रूडसन यांची विद्यार्थिदशा

छायाचित्र घडून गेलेल्या क्षणाची साक्ष देते, हा समज त्या माध्यमाइतकाच जुना आहे; आणि त्याला छेद देणारी कृतीही जवळजवळ तितकीच जुनी आहे. १८४० साली हिप्पोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचेच छायाचित्र घेतले होते. तेव्हा मुद्दाम रचलेले छायाचित्र ही अलीकडची विकृती म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात नवे झाले ते एवढेच, की या रचनेने चित्रपटाची भाषा आत्मसात केली. सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० या काळात कधीच न निघालेल्या चित्रपटांची 'स्थिरचित्रे' काढली आणि त्यांतील प्रत्येक नायिका त्या स्वतःच झाल्या.

ही भाषा एखाद्या विद्यार्थ्याच्या कामात कशी उतरते, हे पाहावयाचे तर ग्रेगरी क्रूडसन यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा जन्म १९६२ मध्ये ब्रुकलिन येथे झाला. वडील मनोविश्लेषक, त्यांची खोली घराच्या तळघरात. वर जमिनीला कान लावून मुलगा रुग्णांचे बोलणे ऐकू पाही, पण शब्द काही लागत नसत. (कलावंताने स्वतःच सांगितलेल्या अशा मूळकथा समीक्षकाने थोड्या सावधपणेच घ्याव्यात, तरीही ही कथा सोडवत नाही.)

येल विद्यापीठात १९८८ मध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. तेथे पूर्वी वॉकर एव्हान्स शिकवीत असत. जे आहे ते सरळ पाहावे, ही त्या विभागाची परंपरा. क्रूडसन यांनी प्रबंधासाठी मॅसॅच्युसेट्समधील ली या गावच्या परिसरातील रहिवाशांची छायाचित्रे घेतली. माणसे खरी, घरेही खरी. प्रकाश मात्र योजलेला. याच काळात, १९८६ मध्ये, डेव्हिड लिंच यांचा 'ब्लू व्हेल्व्हेट' प्रदर्शित झाला होता, आणि त्याचे ऋण क्रूडसन यांनी वेळोवेळी मान्य केले आहे. येथे लक्षात घ्यावयास हवे ते हे, की विद्यार्थ्याने चित्रपटाकडून कथानक घेतले नाही, प्रकाश घेतला. खिडकीतून येणारा अवाजवी उजेड चित्रपटात पुढील प्रसंगाची सूचना देतो. छायाचित्रात तो पुढील प्रसंग कधीच येत नाही. सूचना तेवढी उरते, आणि वाचक तिच्यापाशी अडकून पडतो.

'बिनीथ द रोझेस' (२००३–२००८) या मालिकेत हे बीज अवाढव्य झाले. क्रेन, प्रकाशतंत्रज्ञ, भिजवून ठेवलेले रस्ते, चित्रपटालाच शोभेल असा ताफा. कॅमेऱ्याची कळदेखील दुसराच दाबतो. या थाटाने कधीकधी चित्र गुदमरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तेथील गावे बनावट नाहीत. उद्योग गेल्याने ओसरलेले पिट्सफील्ड त्या प्रकाशातही पिट्सफील्डच राहते. विद्यार्थिदशेतील दस्तऐवजी संस्कार पुसला गेला नाही, तो नेपथ्याच्या आड गेला.

साहित्याच्या अभ्यासकाला जेफ वॉल यांची कृती अधिक जवळची वाटेल. राल्फ एलिसन यांच्या 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीचा निवेदक तळघरात १,३६९ दिवे लावून राहतो. वॉल यांनी ते तळघर उभारून १९९९–२००० मध्ये त्याचे छायाचित्र सिद्ध केले. कादंबरीकाराला आकडा सांगून पुढे जाता येते. छायाचित्रकाराला मात्र प्रत्येक दिवा कोठेतरी टांगावाच लागतो, खुर्ची ठेवावी लागते, भांडी मांडावी लागतात. शब्दाने मोकळ्या ठेवलेल्या जागा त्याला भरून काढणे भाग पडते.

भारतात पुष्पमाला एन. यांनी हीच वाट निराळ्या वृत्तीने चोखाळली. बडोद्यात शिल्पकला शिकलेल्या या कलावतीने 'फँटम लेडी ऑर किस्मत' (१९९६–९८) ही चित्रकथा मुंबईत रचली. 'हंटरवाली'च्या (१९३५) नादियाला वाहिलेल्या या आदरांजलीत बुरखेधारी नायिका आणि तिची हरवलेली जुळी बहीण अशा दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. क्रूडसन चित्रपटाचा प्रभाव वास्तवात मुरवू पाहतात. येथे तो मुखवटा उघडपणे मिरवला आहे, आणि नादियाच्या बोलपटांची ओळख असलेल्या प्रेक्षकाला तो पाहताक्षणी हसू येते.