दाव्याआधीची बैठक : व्यापाऱ्यांनी समजून घ्यावी अशी गोष्ट

२०२३ साली रमजान तोंडावर आला असताना आमच्या पेढीवर पोस्टाने एक इंग्रजी कागद आला. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजारात शिकलो आणि इंग्रजी बिलापुरती. कागदावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव होते आणि खाली एका सूत व्यापाऱ्याचे. सूत खराब निघाले म्हणून त्याचे पैसे आम्ही रोखून धरले होते. आम्हाला वाटले, समन्सच आले. मुनीमजी म्हणाले, "सेठ, घेऊच नका, परत पाठवा."

मुलाने वाचून दाखवले तेव्हा उलगडा झाला. ते समन्स नव्हते. दावा लावण्याआधी मध्यस्थापुढे बसायला तयार आहात का, हे दहा दिवसांच्या आत हजर राहून सांगा, एवढेच त्यात लिहिले होते. आम्ही बाजारात पाच-सहा जाणत्या माणसांना विचारले. सर्वांनी वेगवेगळे सांगितले. कोणी म्हणाले ही लोक अदालत, कोणी म्हणाले लवाद, एकाने तर वसुलीवाल्यांची नवी युक्ती ठरवून टाकली. म्हणून वाचक बंधूंपुढे हा विषय मांडावासा वाटला.

कायदा असा आहे. २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा झाला, तेव्हा तो एक कोटीच्या वरच्या दाव्यांसाठी होता. आपल्यासारख्यांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. २०१८ मध्ये ही मर्यादा एकदम तीन लाखांवर आणली आणि त्यातच कलम १२-अ घातले. म्हणजे मालाची खरेदी-विक्री, हुंडी, भागीदारीचा करार, असा तीन लाख किंवा अधिक रकमेचा व्यापारी वाद असेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करायचा. प्रारंभी अनेक वकील मंडळी याला सल्ला समजून थेट दावे दाखल करीत. १७ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगून टाकले की हे कलम सक्तीचे आहे, आणि २० ऑगस्ट २०२२ पासून त्याशिवाय आलेला दावा फेटाळला जाईल. अपवाद एकच : तातडीच्या मनाई हुकुमाची गरज असेल तर. समोरचा रातोरात माल हलवणार असेल तर बैठकीची वाट कोण पाहणार? पण हे निमित्त नावापुरते पुढे करता येत नाही. ते खरे आहे की नाही हे न्यायाधीश तपासू शकतात, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये यामिनी मनोहर प्रकरणात स्पष्ट केले.

आमचा जुना दावा

आता थोडे आमच्याविषयी. २००७ मध्ये एका प्रोसेस हाऊसने आमचे ग्रे कापड रंगवताना बिघडवले. पन्हा कमी भरला, ताग्यावर पट्टे पडले. नुकसान चार लाख साठ हजारांचे. आम्ही दावा लावला. २००८ मध्ये त्या मालकाचे थोरले बंधू स्वतः आमच्या घरी आले. चहा घेतला, आमच्या वालिदांची खुशाली विचारली आणि म्हणाले, तीन लाख सहा हप्त्यांत देतो, कागद संपवा. आम्ही तेव्हा तरुण होतो. बाजारात चार लोकांपुढे बोलून बसलो होतो की पूर्ण पैसा घेतल्याशिवाय सोडणार नाही. त्यांना तसेच परत पाठवले. वालिदसाहेब त्या रात्री आमच्याशी बोलले नाहीत.

नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, हुकूमनामा आमच्या बाजूने झाला. तोवर ते प्रोसेस हाऊस बंद पडून मशिनरी भंगारात गेली होती. दरखास्त लावली, पण जप्त काय करणार? वकिलांची फी, तारखांचे खाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च एकदा मुलाने जोडला. आम्ही त्याला आकडा मोठ्याने वाचू दिला नाही. थोरले बंधू पुढे २०१९ मध्ये वारले. जनाज्याला गेलो आणि मागच्या सफेत उभे राहून परत आलो.

हा जुना दावा आठवला म्हणूनच मुनीमजींचे न ऐकता आम्ही त्या नोटिशीला हजर झालो.

पंच आणि मध्यस्थ

आपल्या लोकांना सुलह नवी नाही. मोहल्ल्यात, जमातीत, बाजाराच्या असोसिएशनमध्ये पंच बसतच आले आहेत. पण पंच फैसला देतो, आणि तो देताना कोणाचा मामा कोण हेही त्याला माहीत असते. लवादसुद्धा निवाडाच देतो. मध्यस्थ मात्र फैसला देत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, मग एकेकाला वेगळे घेऊन बोलतो, आणि मान्य करायचे की नाही हे शेवटपर्यंत आपल्याच हातात राहते. पटले नाही तर उठून यावे, दाव्याचा हक्क कोठे जात नाही. या प्रक्रियेत गेलेला काळ दाव्याच्या मुदतीत धरला जात नाही, हेही कायद्यात लिहिले आहे. मुदत तीन महिन्यांची, दोघांची संमती असेल तर आणखी दोन.

दुसरा फरक अधिक मोठा आहे. पंचांपुढचा शब्द समोरच्याने फिरवला तर आपण काय करणार? चार लोकांत नाव घ्यायचे, बस. कलम १२-अ खाली झालेल्या आणि दोघांच्या व मध्यस्थाच्या सह्या असलेल्या तडजोडीला मात्र लवादाच्या निवाड्याची ताकद असते. हप्ता चुकला तर नव्याने दावा नको, सरळ वसुलीची दरखास्त.

खर्च २०१८ च्या नियमांत ठरलेला आहे. अर्जाला एक हजार रुपये. मध्यस्थाची फी तीन ते दहा लाखांच्या वादाला पंधरा हजार, दहा ते पन्नास लाखांना तीस हजार, पुढे वाढत जाते, आणि ती दोघांनी निम्मी निम्मी भरायची. समोरचा आलाच नाही किंवा नको म्हणाला तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. खरे सांगायचे तर बहुतेक जण हा अहवाल घेण्यापुरताच अर्ज करतात असे आमचे निरीक्षण आहे. लग्नाचा दाखला मिळावा म्हणून निकाह लावल्यासारखे ते झाले.

आमच्या बैठकीत काय बोलणे झाले ते येथे लिहिता येणार नाही. आतले बोलणे गुप्त ठेवण्याचे बंधन सर्वांवर आहे आणि ते आम्हालाही आहे. आत कबूल केलेली गोष्ट उद्या कोर्टात आपल्यावर उलटली तर कोण तोंड उघडेल? एवढे सांगतो की मध्यस्थबाईंनी प्रथम विचारले, कोणत्या भाषेत बोलणार? आम्ही आमच्या दखनीत बोललो, सूतवाले मारवाडी हिंदीत. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीला सूतवाल्यांनी वकील व मुनीम पाठवले होते, आणि ती फुकट गेली. दुसऱ्या वेळी ते स्वतः आले. ज्याला आकडा कमी-जास्त करण्याचा अधिकार नाही अशा माणसाला पाठवून काही होत नाही. तिसऱ्या बैठकीत सह्या झाल्या आणि ईदनंतर त्यांच्याच गोदामातून आमच्याकडे पुन्हा सूत आले. अर्थात आता धारा साठ नव्हे, तीस दिवसांची.

कागद जपा

मध्यस्थापुढे रडून भागत नाही, कागद लागतो. आमच्याकडे खराब सुताची तक्रार फोनवर केलेली होती, लेखी नव्हती. नशिबाने मागवाल्याने तुटलेल्या बीमचे फोटो मुलाच्या मोबाइलवर तारखेसह पाठवले होते, ते उपयोगी पडले. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही सूरह बकराची ताकीद आपण शुक्रवारी बयानात ऐकतो आणि शनिवारी दोन लाखांचा माल दलालाच्या तोंडी शब्दावर उचलतो.

तडजोडनाम्यात हप्त्यांच्या तारखा, एक हप्ता चुकला तर काय, आणि जुन्या चेकचे काय, हे घालून घ्यावे. जीएसटी विसरू नये. रक्कम कमी झाली तर क्रेडिट नोट कोण, कधी काढणार हे तेथेच ठरवावे, कारण कर कमी करून घ्यायचा असेल तर तिला आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरची मुदत आहे. बिलाचे पैसे १८० दिवसांत न दिल्यास घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, ही दुसरी भानगड. सह्या करण्याआधी आपल्या हिशेबनिसाला एक फोन करावा.

प्रत्येक भांडण बैठकीने सुटत नाही. खोट्या सह्या, बनावट बिले, गंभीर फसवणूक यांसाठी ही वाट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अॅफकॉन्स निकालातच सांगितले. पळून जाणाऱ्याला बैठकीचे आमंत्रण देऊन आणखी वेळ देऊ नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये देशाचा स्वतंत्र मध्यस्थी कायदाही झाला. त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो, म्हणून आपल्या बाबतीत कोणते कलम चालू आहे ते वकिलांकडून तपासून घ्यावे. त्यात वस्तीतील शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. भिवंडीत १९८८ पासून पोलिसांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या आणि १९९२-९३ मध्ये हे शहर शांत राहिले, ते ज्यांनी पाहिले त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. मात्र तेथे झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येत नाही.

आता कारागीर भावांसाठी. ज्याचे चाळीस हजार जरीकामाचे अडकले आहेत त्याला कलम १२-अ लागू नाही, आणि घाबरण्याचेही कारण नाही. त्याने तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीच्या लोक अदालतीसाठी साधा अर्ज करावा. तेथे तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. महिला आणि औद्योगिक कामगार यांना वकीलही मोफत मिळू शकतो.

माग चालवणारे, रंगारी, छोटे कारखानदार यांच्या हाती आणखी एक हत्यार आहे : २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे थकवले तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. कागदावर मुदत ९० दिवसांची आहे, प्रत्यक्षात धीर धरावा लागतो. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीच झालेली असावी, भांडण झाल्यावर धावपळ करू नये. आम्ही नुसते व्यापारी, त्यामुळे हा लाभ आम्हाला नाही. २ जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतले, पण केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरते. आमच्यासाठी १२-अ चीच वाट. तिचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावा, आणि जाताना बिले, चलने, खातेउतारा व समोरच्याचा नीट पत्ता यांच्या प्रती बरोबर घ्याव्यात. पत्ता चुकला तर नोटीस फिरून परत येते आणि महिना तसाच जातो.